डेडलाइन, व्होल्टेज आणि मध्ये आलेला हायपरवायझर

रिअल-टाइम सिस्टिममध्ये वीज वाचवण्यावर काम करायचं असेल, तर बहुतेक जण अलीकडच्या पेपरपासून वाचायला घेतात. मी म्हणेन, १९७३ पासून घ्या. त्या वर्षी लिऊ आणि लेलँड यांनी सिद्ध केलं की ठराविक अंतराने येणाऱ्या कामांत ज्याची डेडलाइन आधी त्याला आधी चालवलं (हेच ईडीएफ), तर प्रोसेसर शंभर टक्के भरेपर्यंत एकही डेडलाइन चुकत नाही.

विजेचा मुद्दा आला १९९४ मध्ये. झेरॉक्स पार्कमधल्या वायझर आणि मंडळींचं म्हणणं साधं होतं: भराभर उरकून रिकामं बसण्यापेक्षा सावकाश चाला. एका सायकलची ऊर्जा साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं. (खरी बचत व्होल्टेजमुळे होते, नुसत्या वेगामुळे नाही. व्हायवात हे हमखास विचारतात!)

२००१ मध्ये मिशिगनच्या पिल्लई आणि शिन यांनी हे दोन्ही धागे खऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जोडले. हिशोब करून बघा. दर १० मिलिसेकंदांनी ३ मिलिसेकंदांचं एक काम, दर २० ला ४ चं दुसरं. वापर ०.३ अधिक ०.२, म्हणजे निम्मा. मग निम्म्या वेगावरही ईडीएफ सगळ्या डेडलाइन पाळतं.

आता गंमत बघा. या सगळ्यात प्रोसेसर आपल्या एकट्याचा आहे असं गृहीत धरलंय. २००३ मध्ये झेन आला, एका मशीनवर अनेक गेस्ट नांदू लागले, आणि एकाने वेग कमी केला तर शेजाऱ्याची डेडलाइन बुडायची वेळ आली. म्हणून २००७ च्या व्हर्च्युअलपॉवरमध्ये गेस्टची मागणी फक्त सूचना मानली, निर्णय हायपरवायझरकडे. पण तिथे कडक डेडलाइनची हमी नव्हती.

हमीचं गणित शिन आणि ली यांनी २००३ मध्येच मांडलं होतं (हे शिन वेगळे, पेनसिल्व्हेनियाचे): गेस्टला दर १० मिलिसेकंदांत ४ मिळतील असं ठरवा. वाईटात वाईट परिस्थितीत त्याला सलग १२ मिलिसेकंद काहीच मिळत नाही, तेवढं धरून डेडलाइन तपासा. २०११ च्या आरटी-झेनने अशी बजेटं प्रत्यक्ष चालवली.

माझं घोडं अडलंय ते इथेच. वेग निम्मा केला की त्या ४ मिलिसेकंदांत काम दोनचंच होतं. बजेट सायकल्समध्ये मोजावं, तर मेमरीची वाट बघणारं काम तिथेही बसत नाही, कारण प्रोसेसर मंद केला म्हणून मेमरी मंद होत नाही.