इनामगावच्या गोल झोपड्या

* गोल झोपड्या : पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या पूर्व काळात (सुमारे इ. स. पू. १४००–१०००) तिथे ऐसपैस चौकोनी घरे होती, जवाचे पीक होते, पुराचे पाणी शेताकडे वळवणारा पाटही होता. उत्तर जोर्वे काळात (इ. स. पू. १०००–७००) घरे आक्रसून लहान गोल झोपड्या झाल्या, शेती मागे पडली, शिकार आणि शेळ्यामेंढ्या यांवर भिस्त वाढली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी हा बदल पाऊसमान घटल्यामुळे झाला असे मांडले. आपल्याकडे दुष्काळ ओळखीचा असल्याने हे मत पटकन रुजले. पण जैवपुरातत्त्वज्ञ ग्वेन रॉबिन्स शूग यांनी तिथल्या बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून या सरळसोट कारणमीमांसेवर आक्षेप घेतला आहे. झोपडीचा आकार हा काही पर्जन्यमापक नव्हे. पशुपालक, फिरस्त्या जगण्यालाही अशी घरे सोयीची असतात. मूळ लेखकाने ‘दुष्काळाने गाव उठले’ असे निःशंकपणे लिहिले आहे. ते वाचकांनी एक संभाव्य मत म्हणूनच घ्यावे. — संपा.