दट्ट्या, पिस्टन आणि मिस्त्रीची क्रियापदे

यंत्राबरोबर भाषेत येणाऱ्या शब्दांचा विचार मराठीत बहुधा नामांपुरताच झालेला आढळतो. अमुक भागाचे इंग्रजी नाव तसेच ठेवावे की त्यास स्वकीय प्रतिशब्द घडवावा, यावर पुष्कळ खल झाला. परंतु त्या भागाविषयीचे प्रत्यक्ष ज्ञान कोणत्या शब्दांतून बोलले जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. मालमोटारीच्या इंजिनातील पिस्टन तपासण्याचे आणि बदलण्याचे काम या दृष्टीने उद्बोधक आहे. कारण त्या कामाची नामे जवळजवळ सर्व परकी, आणि क्रियापदे जवळजवळ सर्व मराठी आहेत.

हा इतिहास पाहण्यास पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग सोयीचा आहे. बारामती व इंदापूर हे तालुके मूळचे कमी पावसाचे. भाटघरच्या पाण्यावर पोसलेल्या नीरा डाव्या कालव्याने तेथील शेतीचे रूप पालटले आणि ऊस हे प्रमुख पीक झाले. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या परिसरात वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत साखर कारखाना उभारला. त्याभोवती वालचंदनगर वसले आणि पुढे साखरधंद्याची यंत्रसामग्री तयार करणारा अभियांत्रिकी कारखानाही तेथे वाढला. याच उद्योगपतीने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली वाहने बाहेर पडली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने निघालेल्या डॉज आणि फार्गो या मालमोटारी त्यानंतरच्या काळात रस्त्यांवर ओळखीच्या झाल्या. उसाचा मळा आणि मालमोटार यांचे नाते असे एकाच उद्योगघराण्याच्या इतिहासात सापडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेल्या अनेक गाड्या खाजगी वाहतूकदारांच्या हाती आल्या. १९५४ पासून जमशेदपूर येथे टाटांच्या कारखान्यात मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने डिझेलवरील मालमोटारी तयार होऊ लागल्या. सुटे भागही देशात होऊ लागले होते. मद्रास येथील इंडिया पिस्टन्स ही कंपनी १९४९ मधील. तथापि १९५६-५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले. इंजिन उघडल्यावर सर्वच भाग नवे घालणे हे अशा काळात बहुतेक मालकांच्या आवाक्याबाहेरचे होते. जुना भाग आणखी एक हंगाम चालेल की नाही, हे ठरविणे हीच मिस्त्रीच्या कौशल्याची कसोटी ठरली. उसाच्या प्रदेशात या निर्णयास विशेष वजन होते. तोडलेला ऊस वेळेत गाळला गेला नाही तर त्यातील साखर उतरते. गळीत हंगामात वाटेत बंद पडलेली गाडी म्हणजे केवळ गाडीमालकाचे नव्हे, शेतकऱ्याचेही नुकसान होय.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. इंजिन उतरवून हेड काढले की सिलिंडराच्या वरच्या टोकाशी बोटाला एक पायरी लागते. रिंगा जेथवर जातात तेथवर धातू झिजलेला असतो आणि त्यावरचा भाग मूळ मापाचा राहतो, त्यामुळे ही पायरी तयार होते. ती न काढता पिस्टन वर ओढला तर रिंगा अडकून पिस्टनाच्या खाचा मोडण्याचा धोका असतो. पिस्टन निघाल्यावर त्याची काजळी साफ करावयाची; मात्र खाचांतील काजळी खरवडताना धातू खरवडला जाऊ नये. मग माथ्यावर तडा किंवा जळाल्याची खूण आहे काय, अंगावर उभे चरे पडले आहेत काय, खाच वर-खाली रुंदावली आहे काय, हे पाहावयाचे. नवी रिंग जुन्या खाचेत ठेवून तिच्या बाजूस फीलर गेजची पाती सरकवली की खाचेची झीज कळते. खाच ढिली असेल तर नवी रिंगही ऑइल वर चढू देते आणि खर्च वाया जातो.

रिंगेच्या तोंडाची फट मोजण्याची रीत अशीच साधी आहे. रिंग सिलिंडरात घालून उलट्या पिस्टनाने समपातळीत खाली ढकलावयाची आणि तिच्या दोन टोकांमधील अंतर पाहावयाचे. व्यासाच्या दर इंचास तीन ते चार थाउ, म्हणजे इंचाचे तीन-चार सहस्रांश, हा स्थूल नियम. नव्वद मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरास तो दहा ते चौदा थाउंच्या आसपास येतो. अंतिम शब्द अर्थात उत्पादकाच्या तक्त्याचा. फट अगदीच कमी ठेवली तर तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांस भिडतात आणि रिंग मोडते.

याच ठिकाणी पिस्टनाचे मर्म उघड होते. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला असता ओतीव लोखंडाच्या सिलिंडरापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रमाणात प्रसरण पावतो. म्हणून तो पूर्ण गोल नसतो, किंचित लंबवर्तुळाकार असतो आणि माथ्याकडे निमुळता घडविलेला असतो. त्याचे माप घ्यावयाचे ते खालच्या भागावर, गजन पिनेशी काटकोनात. सिलिंडरही सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या अंगाला आणि पिस्टनाचा रेटा ज्या बाजूला बसतो त्या बाजूला अधिक झिजतो. झीज मर्यादेबाहेर गेली असेल तर सिलिंडर बोअर करून वीस किंवा चाळीस थाउ मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात. लाइनर बदलता येणाऱ्या इंजिनात लाइनर व पिस्टन यांची जोडी बदलतात. सर्व पिस्टनांचे वजन सारखे असावे लागते, माथ्यावरील बाणाची खूण इंजिनाच्या पुढच्या अंगास ठेवावी लागते आणि रिंगांच्या फटी एका ओळीत येऊ द्यावयाच्या नसतात. घट्ट बसणारी गजन पिन घालण्यापूर्वी पिस्टन गरम तेलात अथवा पाण्यात तापवितात. मग ती अंगठ्याच्या दाबानेही आत जाते. या सर्व खटपटीचा हेतू एकच : पिस्टन सिलिंडरात घट्ट बसू नये, आणि तरीही दाब निसटू नये. दाब राखण्याचे काम रिंगांचे. पिस्टनाभोवती फट हवीच.

मराठीने या भागासाठी सुचविलेला शब्द ‘दट्ट्या’. पिचकारीतील दट्ट्या सर्वांच्या परिचयाचा असल्याने शालेय पुस्तकांत आणि पुढे मराठी विश्वकोशात तो रूढ झाला, आणि विद्यार्थ्यास नळीत मागेपुढे सरकणारी वस्तू चटकन डोळ्यांपुढे आणून देण्यास तो समर्थही आहे. परंतु दट्ट्या म्हणजे मुळात तोंडात दाबून घट्ट बसविलेले बूच. नेमके हेच इंजिनातील पिस्टनाने करावयाचे नसते. घट्ट बसलेला पिस्टन इंजिनाचा घात करतो. उलट ‘पिस्टन’ हा शब्द इटालियन ‘पिस्तोने’पासून आलेला असून त्याच्या मुळाशी कुटणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. संस्कृत ‘पिष्’ हा त्याच धातूचा सगोत्र. म्हणजे पिस्टन आणि आपले जात्यातील पीठ हे दूरचे भाऊबंद ठरतात. तेव्हा स्वकीय-परकीय हा भेद वाटतो तितका सरळ नाही. पण कुटणे हाही पिस्टनाच्या कार्याचा अपुराच बोध होय. दोन्ही नावे केवळ खुणा आहेत. ज्ञान त्यांत नाही.

ते ज्ञान क्रियापदांत आहे. ‘पिस्टन धरला’ असे मिस्त्री म्हणतो, तेव्हा थंडीत सांधे धरतात तोच वाक्प्रचार तो यंत्रास लावतो. फट संपली, हालचाल थांबली, एवढे निदान त्यात आहे. इंजिन ‘ऑइल खाते’, लाइनर ‘खाल्ला’ जातो, इंजिनाचा ‘दम’ जातो. पिस्टन ‘वाजतो’, गाडी थंड असता वाजून तापल्यावर शांत झाला तर फट वाढली आहे, पण काम अद्याप हातचे गेलेले नाही. ‘बसणे’ या क्रियापदाचा विस्तार तर पाहण्यासारखा आहे. रिंगा ‘बसल्या’ म्हणजे घासून सिलिंडरास जुळल्या, काम साधले. इंजिन ‘बसले’ म्हणजे भिंत किंवा आवाज बसतो तसे निकामी झाले. कर्ता बदलताच शुभवार्तेची अशुभवार्ता होते, आणि ऐकणाऱ्यास क्षणभरही संभ्रम पडत नाही. नामांनीही मराठी व्याकरण मुकाट्याने स्वीकारले : रिंग स्त्रीलिंगी, अनेकवचनी रिंगा, इंजिन नपुंसकलिंगी, अनेकवचनी इंजिने, ‘गजन’ आणि ‘वायसर’ यांनी तर उच्चारही येथलाच घेतला.

परिभाषा घडविणाऱ्यांचे प्रयत्न निष्फळ झाले, असा याचा अर्थ नाही. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर मराठी राज्यकारभाराची भाषा व्हावी म्हणून जे कार्य झाले, त्याचे मोल मोठे आहे. एस.टी.च्या चालक, वाहक, आगार या संज्ञा लोकांच्या नजरेस सरावल्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील जोडारी, संधाता, तारतंत्री हे शब्द प्रमाणपत्रांवर स्थिरावले. त्यांतील ‘कातारी’ हा तर लाकूड कातणाऱ्या जुन्या कारागिराचाच शब्द, नव्या यंत्रावर बसविलेला. मात्र कोशांची नोंद नामापाशी थांबली. ‘पिस्टन : दट्ट्या’ एवढे लिहून झाले की शब्दाचे काम संपले असे मानले गेले, पिस्टन काय करतो आणि त्याला काय होते, हे मराठीत कसे बोलतात, ते नोंदवावयाचे राहून गेले.

ही उणीव आज अधिक जाणवते. लाइनर, पिस्टन, रिंगा व पिन यांचा संपूर्ण संच आता पेटीबंद मिळतो. जुना पिस्टन हाती धरून त्याचा निवाडा करण्याचे प्रसंग कमी होत आहेत. नव्या मालमोटारींतील दोष प्रथम संगणकाच्या पडद्यावर अंकांच्या रूपाने दिसतो. पिस्टन हे नाव टिकेल, कारण वस्तू टिकेल. दट्ट्या हा शब्दही टिकेल, कारण तो छापला गेला आहे. पण चाळीस-पन्नास वर्षे हाताने इंजिने बांधणाऱ्यांच्या तोंडची ‘धरणे’, ‘खाणे’, ‘बसणे’, ‘वाजणे’ यांची नेमकी अर्थच्छटा कोठेही लिहिलेली नाही. कळंब-वालचंदनगरपासून बारामतीपर्यंतच्या रस्त्यांवर ज्यांनी हे काम केले, ती पिढी आता वृद्ध झाली आहे. बोलींच्या अभ्यासासाठी गावोगाव हिंडणाऱ्यांनी गॅरेजच्या दारातही थांबावे आणि वस्तूचे नाव विचारून झाल्यावर तिला काय झाले आहे, हेही विचारावे.