ध्वनीची मोजणी

मांजरा नदीच्या काठाने तेलंगणाला भिडलेला बिलोली तालुका निजामाच्या रियासतीत नांदेड जिल्ह्यात होता आणि आजही त्याच जिल्ह्यात आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी रियासत संपुष्टात आली, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात दाखल झाला, कचेरीतील उर्दूची जागा मराठीने घेतली, आणि या सर्व स्थित्यंतरांचे कागद दप्तरात जपले गेले. परंतु मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तीन भाषा एकाच बाजारात ऐकत वाढलेल्या या मुलखातील माणसाने काय ऐकले, कशाच्या साहाय्याने ऐकले, आणि मुख्य म्हणजे तो ध्वनी त्याच्या कानावर कोणत्या दिशेने आला, याचा वृत्तांत सहसा लिहिला जात नाही. आज तालुक्याच्या गावातील घराघरांत होम थिएटरची खोकी उघडली जात असताना तो लिहिणे मला अगत्याचे वाटते. कारण त्या खोक्यातील प्रोसेसर ध्वनीची वेळ आणि दिशा ठरविण्याचे जे काम करू पाहतो, ते दख्खनच्या माणसाला अपरिचित नाही.

बिलोली गावात औरंगजेबाच्या सैन्यातील अंमलदार नवाब सरफराजखान यांच्या नावाची जुनी दगडी मशीद आहे. घडीव दगड ध्वनी फारसा पीत नाही, तो परतवतो. अशा वास्तूत उच्चारलेले अक्षर काही काळ रेंगाळते आणि म्हणून तेथे बोलणारा माणूस आपोआप संथ बोलू लागतो. दख्खनच्या गवंड्यांना दगडाचा हा स्वभाव पुरता ठाऊक होता. गोवळकोंडा किल्ल्याच्या प्रवेशद्वाराखाली वाजविलेली टाळी सुमारे एक किलोमीटर दूर असलेल्या बालाहिसारच्या माथ्यावर ऐकू येते. विजापूरला महंमद आदिलशहाच्या गोलघुमटात, सुमारे 38 मीटर अंतर्व्यासाच्या त्या घुमटाखालच्या सज्जात, भिंतीशी कुजबुजलेला शब्द पलीकडच्या टोकाला स्पष्ट उमटतो आणि एकच हाक अनेक वार परतून येते. ध्वनी किती वेळाने पोहोचावा, कोठून पोहोचावा आणि किती वेळा परतावा, हे त्या वास्तूंचे आकारच ठरवितात. विजेचा मागमूस नसताना ध्वनीची वाट दगडातून आखली गेली होती.

मशिदीच्या आणि किल्ल्याच्या बाहेर, गावच्या पारावर किंवा विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात, ध्वनीची दुसरीच व्यवस्था होती. वारकरी कीर्तनात बुवा पुढे उभे राहतात, त्यांच्या मागे टाळकऱ्यांची अर्धवर्तुळाकार रांग असते, पखवाज एका अंगाला, विणेकरी जवळच. आणि श्रोता ज्या जागी बसला असेल त्या जागेवरून त्याला बुवांचे निरूपण मधून, टाळांचा गजर दोन्ही अंगांनी आणि पखवाजाची थाप ज्या बाजूला पखवाज आहे त्या बाजूने ऐकू येते. दिंडीत चालणारा तर ध्वनीच्या पुढ्यातही नसतो, तो ध्वनीच्या मध्येच असतो. घरी परतल्यावर मराठवाड्यातील माळवदाचे घर त्याला वेगळाच अनुभव देई: पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर, आत धान्याची पोती आणि वळकट्या, त्यामुळे आवाज घुमत नसे, बोललेले तेथल्या तेथे निवत असे.

या नैसर्गिक दिशाज्ञानावर पहिला घाला घातला तो कर्ण्याने. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात ‘आलम आरा’ झळकला, पुढच्याच वर्षी प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणला, आणि बोलपट हळूहळू मुफसलात उतरला. मराठवाड्यात तो पुष्कळ ठिकाणी तंबूतून आला. ट्रकवर यंत्र, कापडी पडदा, जनित्राची घरघर आणि जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना, एवढ्या सरंजामावर टुरिंग टॉकीज जत्रेमागून जत्रा गाठीत असे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारखी मोठी यात्रा म्हणजे अशा धंद्यांचा हंगाम. तंबूत पडद्यामागे किंवा पडद्याशेजारी एक कर्णा असे, आणि त्या एकाच मुखातून नायकाचे बोलणे, घोड्यांच्या टापा, पाऊस आणि सारे वाद्यवृंद बाहेर पडत. पडद्याच्या डाव्या टोकाला उभी असलेली नायिका आणि उजव्या टोकाचा खलनायक एकाच जागेवरून बोलत. पुढे तोच कर्णा मंदिराच्या शिखराजवळ आणि मनोऱ्यावर चढला. सप्ताहातील टाळकरी मागे उभे राहिले तरी श्रोत्याच्या कानी ते खांबावरच्या एका पत्र्यातून पडू लागले. आवाज दूरवर गेला, हे त्याचे मोठेच कार्य, आणि हजारोंना त्यामुळे कीर्तन लाभले हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या मोबदल्यात आपण ध्वनीची दिशा देऊन बसलो, आणि माझ्या मते हा तोटा लहान नव्हता.

ही दिशा परत मिळविण्याचा उद्योग ‘आलम आरा’च्याच वर्षी लंडनमध्ये सुरू झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ॲलन ब्लमलाइन नावाच्या तरुण अभियंत्याला चित्रपटगृहात बसले असता हाच दोष खटकला, असे सांगतात. त्याने डिसेंबर 1931 मध्ये दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1940 मध्ये डिस्नेने ‘फँटेशिया’साठी सभागृहाच्या भोवताली ध्वनी खेळविण्याची खर्चिक यंत्रणा उभी केली, ती मोजक्याच नगरांत पोहोचली. 1953 मध्ये सिनेमास्कोपबरोबर चार चुंबकीय ध्वनिपट्ट्या आल्या. आपल्याकडे 1967 मध्ये ‘अराउंड द वर्ल्ड’ हा पहिला 70 मिलिमीटरचा चित्रपट निघाला आणि 15 ऑगस्ट 1975 रोजी ‘शोले’ आला. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात त्याच्या 70 मिलिमीटरच्या प्रतीवरील सहा पट्ट्यांच्या ध्वनीतून जयने उडविलेले नाणे पडल्याचा आवाज झाला की प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहत, असे आजही सांगितले जाते. परंतु 70 मिलिमीटरच्या प्रती थोड्या थिएटरांपुरत्याच होत्या. मुफसलात चित्रपट आला तो 35 मिलिमीटरच्या प्रतीवर, एकाच वाहिनीचा ध्वनी घेऊन. गब्बरचे संवाद पाठ झालेल्या अगणित माणसांनी ते नाणे कोठे पडले हे ऐकलेच नाही.

पुढचा प्रवास वेगाने झाला. सत्तरीच्या दशकात डॉल्बी स्टीरिओ, 1992 मध्ये थिएटरांत डिजिटल 5.1, आणि डीव्हीडीबरोबर तीच व्यवस्था घरात: समोर तीन ध्वनिक्षेपक, पाठीशी दोन आणि खर्जासाठी एक सबवूफर. 2012 मध्ये डॉल्बीच्या ॲटमॉस या व्यवस्थेने छतही कामाला लावले. जे मुंबईच्या प्रेक्षकाला 1975 मध्ये तिकीट काढून मिळत होते, ते बिलोलीच्या घरात पोहोचावयास एक पिढी लागली. आणि पोहोचले तेव्हा घरच बदललेले होते.

माळवद पडून त्या जागी स्लॅबचे घर आले होते. या बदलाचे मोल समजून घेण्यासाठी वॉलेस सॅबिन या अमेरिकी प्राध्यापकाचे स्मरण करावे लागते. 1895 मध्ये हार्वर्डच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले कोणालाच समजेना, म्हणून विद्यापीठाने तो दोष दूर करण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. रात्रीच्या निवांत वेळी ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि शेजारच्या नाट्यगृहातून आणलेल्या बैठकीच्या गाद्या एवढ्या सामग्रीवर त्याने शोधून काढले की शब्द तेथे सुमारे साडेपाच सेकंद घुमतो, आणि गाद्या जसजशा वाढवाव्या तसतसा तो घुमारा कमी होतो. त्याचे गणित आपल्याला सहज वापरता येते: खोलीचे घनफळ घनमीटरांत घ्यावे, 0.161 ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे. पाच मीटर लांब, चार रुंद आणि तीन उंच अशा उघड्याबोडक्या, प्लास्टर केलेल्या आणि शहाबादी फरशीच्या खोलीचे घनफळ 60 घनमीटर. तिचे शोषण जेमतेम तीन चौरस मीटर धरले तर घुमारा तीन सेकंदांहून अधिक भरतो. त्याच खोलीत जाड पडदे, गादीची बैठक, सतरंजी आणि भरलेली मांडणी ठेवून शोषण वीसपर्यंत नेले की तो अर्ध्या सेकंदावर येतो. लाखाचे यंत्र बसविण्यापूर्वी आजीच्या चार गोधड्या भिंतीला टांगाव्यात, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

यानंतर यंत्राची जुळणी. शेताची मोजणी करणारा जसा आधी हद्दीचे दगड नक्की करतो आणि मग साखळी टाकतो, तसाच येथेही क्रम पाळावा लागतो. प्रथम बसण्याची मुख्य जागा ठरवावी. ती मागच्या भिंतीला टेकलेली नसावी, कारण भिंतीलगत खर्ज फुगतो. त्या जागेपासून समोरचे डावे-उजवे ध्वनिक्षेपक मध्यरेषेपासून तीस-तीस अंशांवर, पाठीकडचे सुमारे एकशे दहा अंशांवर. मधला ध्वनिक्षेपक टीव्हीच्या शोकेसच्या कप्प्यात आत खुपसण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे आणि तीच संवाद गढूळ होण्याचे मोठे कारण आहे. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढावा. मग मोजणीसाठी यंत्राच्या खोक्यातच आलेला मायक्रोफोन तिकाटण्यावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. गादीवर नुसता ठेवलेला मायक्रोफोन खोटी साक्ष देतो. पंखा आणि कूलर बंद करावे लागतात, वैशाखात ही परीक्षाच असते. रस्त्यावरून मोटारसायकल गेली तर थांबावे आणि पुन्हा आरंभ करावा.

यंत्र एकेका ध्वनिक्षेपकातून सुर्र असा चढता स्वर सोडते आणि पडद्यावर अंतरे दाखविते. ही अंतरे का महत्त्वाची, ते 1949 मध्ये हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने दाखवून दिले होते: तोच ध्वनी दोन ठिकाणांहून काही सहस्रांश सेकंदांच्या फरकाने आला, तर कान आधी आलेल्याचीच दिशा खरी मानतो. ध्वनीला एक मीटर कापण्यास सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. म्हणून जवळच्या ध्वनिक्षेपकाला यंत्र तेवढे थोपवून धरते आणि सर्वांचा ध्वनी श्रोत्याजवळ एकाच क्षणी आणते. सबवूफरचे अंतर पडद्यावर फितीच्या मोजापेक्षा जास्त दिसले तर ते दुरुस्त करू नये. त्याच्या आतील विद्युत्-रचनेत होणारा विलंब यंत्राने त्यात धरलेला असतो. लहान ध्वनिक्षेपकांना यंत्राने मोठे ठरविले असेल तर मात्र ते बदलून 80 हर्ट्झखालचा खर्ज सबवूफरकडे वळवावा. अखेरीस पिंक नॉईजचा सरसरता आवाज प्रत्येक ध्वनिक्षेपकातून सोडून ध्वनिमापकावर सर्वांची पातळी 75 डेसिबलवर आणावी. आपल्याकडे सबवूफर दहा-दहा डेसिबलांनी चढवून ठेवण्याचा मोह होतो. त्याने खिडकीची तावदाने थरथरतात आणि अभिनेत्याचा श्वास हरवतो. एका कर्ण्याच्या काळात जे झाले, त्याचीच ही पुनरावृत्ती होय.

या जुळणीला सरावलेल्या हातालाही एक सबंध दुपार लागते. परंतु अनेक घरांत तारा जोडून, गाणे मोठ्याने वाजवून आणि बिल देऊन कारागीर अर्ध्या तासात निघून जातो, आणि मायक्रोफोन खोक्यातल्या थर्माकोलमध्ये तसाच राहतो. म्हणून ज्यांच्या घरी असे यंत्र आले आहे त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की तो मायक्रोफोन बाहेर काढावा, मोजणी आपल्या समक्ष करवून घ्यावी, अंतरांचे आणि पातळ्यांचे आकडे कागदावर उतरवून यंत्राच्या पावतीबरोबर जपावे, आणि खोलीत कपाट किंवा बैठक हलली की ती मोजणी नव्याने करावी.