वाढप्याला काय ठाऊक असते?

गेल्या माघात पुण्याहून आमचे काही आप्त आले होते. सुपे धरणाचा परिसर पाहून परतताना दांडेलीच्या वाटेवर एका उपाहारगृहात जेवावयास थांबलो. त्यांच्या सात वर्षांच्या नातवाला शेंगदाणा वर्ज्य आहे. वर्ज्य म्हणजे नावडता नव्हे. दाण्याचा कण पोटात गेला तरी त्याचे ओठ सुजतात, श्वास कोंडतो आणि इस्पितळ गाठावे लागते. म्हणून वाढावयास आलेल्या मुलाला विचारले, "या रश्शात दाण्याचे कूट आहे काय रे?" "आत विचारून येतो, काका," असे म्हणून तो गेला आणि क्षणात परतून म्हणाला, "नाही म्हणतात." त्या 'म्हणतात'ने मुलाच्या आजीचा हात भांड्यावरच थबकला. नातवाने त्या दुपारी दहीभात खाल्ला.

मुलाचे काही चुकले असे मला वाटले नाही. जे ठाऊक नव्हते ते त्याने ठाऊक असल्याचे दाखवले नाही, इतका प्रामाणिकपणा पुष्कळ मोठ्या शहरांतही आढळत नाही. परंतु त्याचे ते 'आत' मनात राहिले. पदार्थ शिजतो तेथे आणि वाढला जातो तेथे, या दोहोंच्या मध्ये ही भिंत केव्हा उभी राहिली? आणि भिंतीच्या अलीकडे उभा असलेला माणूस आपण वाढतो त्या अन्नाविषयी काय जाणतो, याची चौकशी आपण खाणाऱ्यांनी कधी केली होती काय?

चौकशी झाली, नाही असे नाही. पण ती अन्नाची नव्हे, माणसाची. आपल्या तालुक्यातील कॅसलरॉक हे स्थानक १९६१ पर्यंत सरहद्दीचे होते. मुरगाव बंदरातून येणारी पोर्तुगीज हद्दीतील लोहमार्गाची वाट तेथे संपे आणि ब्रिटिश मुलखाची सुरू होई. त्या काळी देशातील स्थानकांवर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' अशा हाका उठत. दोन्ही पाणी एकाच विहिरीचे असले तरी हाक बदलत नसे, कारण प्रवाशाला पाणी कसले आहे हे विचारायचेच नव्हते; ते कोणाच्या हातचे आहे एवढेच जाणून घ्यायचे होते. शहरांतील भोजनगृहांच्या पाट्यांवर 'ब्राह्मणी खानावळ' अशी अक्षरे असत, तीही याच हिशेबाने. आचाऱ्याच्या गळ्यातले जानवे ही दुकानाची जाहिरात होती. तूप कुठले, डाळ केव्हाची, भाजी कालची की आजची, हे प्रश्न त्या पाटीपुढे गौण ठरत. नोकराला काय ठाऊक आहे यापेक्षा नोकर कोण आहे, हेच गिऱ्हाइकाला पुरेसे ज्ञान वाटे. ज्यांना त्या पाटीखालून आत जाताच येत नव्हते त्यांच्या वाट्याला तर तेही आले नाही. त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या कपात.

विसाव्या शतकाच्या आरंभी दुसरा एक शब्द या व्यवसायात शिरला. १९१० साली मुंबईत दादर येथे मामा काणे यांनी उपाहारगृह काढले आणि त्याच्या नावातच 'स्वच्छ' हे विशेषण घातले. गिऱ्हाइकाच्या मनात आता आणखी एक शंका होती, आणि मालकाला ती ठाऊक होती, हे त्या एका विशेषणावरून कळते. मात्र शंकेचे उत्तर पाटीने दिले. वाढप्याच्या तोंडी ते घालण्याची गरज कोणास वाटली नाही.

तरीही त्या जुन्या उपाहारगृहांतील वाढपी आजच्याहून अधिक जाणत असे, असे मला वाटते. आणि ते केवळ जुन्या काळाच्या मायेपोटी नव्हे. त्या काळी पदार्थांची छापील पत्रिका टेबलावर नसे. गिऱ्हाईक बसले की मुलगा एका दमात सारी यादी म्हणे. काय संपले, काय आत्ताच तव्यावर पडले, हे त्याला पाठ असावे लागे. निघताना तो गल्ल्याकडे पाहून पैशांचा आकडा पुकारी. म्हणजे पत्रिकाही तोच आणि हिशेबाची वहीही तोच. शिवाय त्या व्यवसायात एक शिडी होती. मोरीवर कपबशा विसळणारा पोऱ्या पुढे फडके घेऊन टेबले पुसे, मग वाढपी होई, मग भटारखान्यात शिरे. माटुंग्यास १९४२ साली श्रीकृष्ण बोर्डिंग काढणारे उडुपीकडचे रामा नायक हे लहान वयात मुंबईस येऊन याच शिडीने वर चढले. ज्याने भांडी घासली आहेत त्याला ताटात काय उरते हे कळते, आणि ताटात काय उरते हे कळणे म्हणजे अर्धा पाकशास्त्र कळणे होय. सगळ्यांनाच शिडी चढता आली असे मात्र नाही. कविवर्य नारायण सुर्वे यांनीही बालपणी हॉटेलात कपबशा धुतल्या होत्या. त्यांची वाट पुढे गिरणीकडे गेली.

भिंत नसलेली जागा एकच होती, ती म्हणजे घरगुती खानावळ. गिरणगावात कोकणातून आणि देशावरून आलेले कामगार घरदार गावी ठेवून राहत, आणि चाळीतील एका खोलीत कोणी मावशी पंधरा-वीस जणांना जेवू घाली. तिथे रांधणारी आणि वाढणारी एकच. तिला भाजीतले मीठ ठाऊक होते आणि जेवणाऱ्याचे पोटही ठाऊक होते. कोणाचा उपवास, कोणाला पित्त, कोणाचा पगार कोणत्या तारखेस, कोण रात्रपाळीवर आहे म्हणून भाकरी झाकून ठेवायची, हे सारे तिच्या डोक्यात असे. संपाच्या काळात गिऱ्हाइकांकडून पैसे येत नसत, तरी या बायकांनी उधारीवर चुली पेटत्या ठेवल्या, प्रसंगी अंगावरचा दागिना गहाण टाकला. गोव्यात जन्मलेल्या आणि गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे दार उघडून दिले. त्याआधी या बायका कोणाच्या हिशेबात नव्हत्या. त्या नुसत्या 'जेवण करतात' असे म्हटले जाई.

कायद्याने या गोष्टीत काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १ जून १९५५ हा दिवस आपल्याकडे कोणी साजरा करीत नाही. त्या एकाच दिवशी दोन कायदे अमलात आले. एक अस्पृश्यता गुन्हे कायदा, आणि दुसरा १९५४ साली संमत झालेला अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा. पहिल्याने सार्वजनिक उपाहारगृहात कोणासही प्रवेश नाकारणे किंवा तेथील भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. दुसऱ्याने खाणाऱ्यास अन्नाचा नमुना तपासून घेण्याचा अधिकार दिला. आपला कारवार जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. तो म्हैसूर राज्यात गेला पुढल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला. ही तारीख योगायोगाने जुळली असेल, पण तिचा अर्थ मला मोठा वाटतो. 'कोणाच्या हातचे?' हा प्रश्न त्या दिवशी कायद्याने मागे सारला आणि 'त्यात काय आहे?' हा प्रश्न पुढे आणला.

आता या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशी होते? सरकारला वाटले, प्रयोगशाळेपाशी. वनस्पती तुपाचे उदाहरण घ्या. डालडा १९३७ साली बाजारात आला आणि साजूक तुपात तो मिसळला तर डोळ्यांना ओळखेना. तेव्हा वनस्पती तुपात शेकडा ५ तिळाचे तेल घालणे सक्तीचे करण्यात आले. कारण तिळाचे तेल असले की फुरफुराल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या योगाने नमुन्यास तांबूस रंग चढतो आणि भेसळ उघड होते. युक्ती नामी खरी. परंतु ज्या पोऱ्याने सकाळी मागच्या दाराशी डबा फोडला होता त्याला ना तीळ लागत होता, ना आम्ल. त्याला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी तो बोलला नसता. बोलला तर संध्याकाळी झोपायला जागा कोठे? त्या काळचे हॉटेलातील पोरगे रात्री त्याच टेबलांवर पथारी टाकीत.

आणि तरी कायदा म्हणाला, तुला ठाऊक असायला हवे होते. अन्न विकणाऱ्याला 'माल कसा होता हे मला ठाऊक नव्हते' एवढाच बचाव पुरेसा धरला जात नसे. उत्तर प्रदेशातील एका दुकानात मालकाच्या वतीने भेसळीचे मोहरीचे तेल विकणाऱ्या नोकराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोकर असला तरी त्याने विक्री केली, म्हणून तोही दोषी, असा निर्णय झाला. १९६१ सालच्या निर्णयसंग्रहात तो छापलेला आहे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. नोकराला सूट दिली तर प्रत्येक मालक नोकराआड लपेल. मात्र विचार केला म्हणजे मन खिन्न होते. ज्याला माल निवडता येत नाही, नाकारता येत नाही, ज्याचे मत कोणी घेत नाही, त्याच्या ज्ञानाची पहिली औपचारिक दखल घेतली गेली ती आरोपीच्या पिंजऱ्यात.

पुढची हकिगत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. २००६ साली अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला. २०१७ पासून प्रशिक्षणाची योजना आली. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे निदान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असा दंडक झाला. १ जुलै २०२२ पासून केंद्रीय परवाना असलेल्या अथवा दहा किंवा अधिक शाखा असलेल्या भोजनगृहांनी पदार्थपत्रिकेवर उष्मांक द्यावेत आणि शेंगदाण्यासारख्या बाधक घटकांची माहितीही द्यावी, असे ठरले. दांडेलीच्या वाटेवरील एकट्या-दुकट्या उपाहारगृहाला हा नियम पोहोचत नाही. तेथे अजून ते 'आत विचारून येतो'च आहे.

आपल्या तालुक्यात हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. काळी आणि पांढरी यांच्या संगमावरचे जुने सुपे धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्यास आली, कित्येक घरे रामनगरास वसली. १९८७ साली धरण पुरे झाले आणि त्याच वर्षी अणशीचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. जंगलात जाण्याच्या आपल्या वाटा आखडल्या आणि पाहुण्यांच्या वाटा रुंदावल्या. गणेशगुडीपासून जगलबेटपर्यंत निवासगृहे उभी राहिली. ज्या घरांतील पोरे शेतावर आणि रानात वाढली, तीच आता तेथे थाळ्या वाढतात. आचारी बहुधा दुरून आलेला असतो. म्हणजे जुनी शिडीही नाही: वाढणारा वाढतच राहतो, भटारखान्यात शिरत नाही.

त्या दुपारी जेवण झाल्यावर हात धुताना तोच मुलगा शेजारी उभा होता. गाव विचारले. आतल्या बाजूचा एक कुणबी वाडा त्याने सांगितला. घरी काय पिकते म्हटल्यावर त्याचा चेहराच पालटला. मघाशी एका वाटीतल्या रश्शाविषयी जो एक वाक्य बोलू शकला नव्हता, तो आता थांबेना. कणगर आणि कोनफळ केव्हा खणावे, वेल पिवळी पडली की किती दिवस थांबावे. सुरणाला आंबट का लागते, चिंच किंवा आमसूल नसेल तर घसा कसा खाजतो. बांबूचा कोवळा कोंब चिरून पाण्यात ठेवून पाणी का बदलायचे. गोडा करांदा कोणता आणि कडू कोणता, कडू असेल तर काप करून, उकडून, पाणी टाकून मगच तोंडात घालायचा. हे ज्ञान गमतीचे नाही. सुरण-अळूतील खाज ही सुईसारख्या बारीक स्फटिकांची असते, आणि कडू करांदा नीट न शिजवता खाल्ला तर माणूस आजारी पडतो. कोणत्या कंदाने काय होते आणि ते कशाने टळते, हे त्याला आजीकडून मिळाले होते. आमच्या नातवाच्या आजीला नेमके याच जातीचे ज्ञान हवे होते. फक्त ते दाण्याविषयी हवे होते, आणि ते भिंतीच्या पलीकडे होते.

अलीकडे जोयड्यास कंदमुळांचा मेळा भरतो, बाहेरचे लोक कौतुकाने टोपल्यांची छायाचित्रे घेतात. चांगलेच आहे. पण मेळ्यातून परतताना तेच लोक जेथे जेवतात तेथील पत्रिकेवर यांतले एकही नाव बहुधा नसते.

मी त्याला विचारले, "हे सगळे तू तुझ्या आचाऱ्याला सांगितलेस का कधी?"

"तो विचारत नाही," तो हसून म्हणाला. "आणि येणारे तरी कुठे विचारतात? पनीर ताजे आहे का, एवढेच."

"ताजे असते का?"

त्याने एकदा भटारखान्याच्या दाराकडे पाहिले. मग खांद्यावरचे फडके सारखे केले आणि, "आत विचारून येतो, काका," म्हणाला. या खेपेस तो हसत होता. तेवढ्यात चार नंबरच्या टेबलावरून कोणी हाक मारली आणि तो गेला. अडीच वाजून गेले होते. त्याचे स्वतःचे जेवण अजून व्हायचे होते.