नाथांनी गाळलेल्या ओव्या

शके 1212, म्हणजे इ.स. 1290 साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगून झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात नकलली गेली. नकलणारे भाविक होते, आणि भाविकाला ओवी सुचतेही. पोथीत शिरलेली अशी ओवी पुढच्या नकलेत मूळ म्हणूनच उतरते. शके 1506 मध्ये, इ.स. 1584 साली, पैठणच्या एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला. मराठीतल्या पाठचिकित्सेचा आरंभ इथून मानतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यांचे मोठेपण गाळण्यापेक्षा, आपण हात लावल्याचे उघड सांगण्यात दिसते. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी शक, संवत्सर, तिथी आणि कारण नोंदवले: ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी तो बिघडला. शिवाय यात कोणी स्वतःची ओवी घालू नये, असेही बजावले.

ओवी गाळण्याची तुलना संगणकाशी करून पाहू. संगणकातल्या संचातून घटक काढणे सोपे, कारण दोन घटक एकच केव्हा मानायचे ते आधी ठरलेले असते. पायथन या संगणकभाषेत ‘रिमूव्ह’ सांगितले आणि तो घटक संचात नसला, तर चूक दाखवली जाते. ‘डिस्कार्ड’ सांगितले तर काम मुकाट्याने पुढे चालते. काढलेल्याची खूण दोन्हीकडे उरत नाही. पोथीत तर ओवी ज्ञानदेवांची की नकलकाराची, हेच आधी ठरवावे लागते. म्हणून तिथे खूण ठेवणे अधिक गरजेचे. नाथांनी काढल्याची खूण ठेवली. काय काढले त्याची यादी मात्र आपल्या हाती नाही.

आक्षेप इथूनच निघतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी 1909 साली नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि नाथांनी जुनी भाषाही बदलली, असे मांडले. हा आरोप हलका नाही. जुन्या रूपांच्या जागी नवी रूपे आली असतील तर ती हानीच. पण शब्द बदलणे आणि उपरी ओवी काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, एकाचा दोष दुसऱ्यावर लादता येत नाही. भर घालण्याची मनाई करणाऱ्याने ती स्वतःही पाळली असणार, असे मानायला शेवटची नोंद पुरेसा आधार देते. नाथांनी काही मूळ ओव्या गमावल्या का, याचा निवाडा निर्विवाद नाथपूर्व पोथीच करू शकते.