'पारंपरिक' म्हणजे नक्की कोण?

उरण-अलिबागकडच्या आगरी-कोळी हळदीत आज डीजे वाजतो. त्याआधी लग्नघरात धवलारीण असायची. एकेक विधी तिच्या धवळ्यांवर चालायचा, आणि सगळे धवळे तिला तोंडपाठ!

१९८०-९०च्या दशकांत स्वस्त कॅसेट आली आणि स्थानिक गायक घरोघरी पोचले. मग व्हीसीडी, २००८ मध्ये भारतात यूट्यूब, २०१६ नंतर स्वस्त डेटा. आता गाण्याचा व्हिडिओ करायला गावच उभं राहतं: कुणाची होडी, कुणाचं अंगण, नाचायला शेजारची पोरं.

जुन्या गाण्याखाली मात्र अनेकदा एकच शब्द: 'पारंपरिक'. म्हणजे जिच्याकडून ते ऐकलं, ती आजी गायबच! तर पुढचं गाणं अपलोड करण्याआधी तिचं नाव विचारून घ्या. होडीवाल्याचंही लिहा.