बांधावरचा जाळ : उघड्यावरील आगीच्या नियमांचा इतिहास

#थ्रेड

फेब्रुवारी उलटला की भोकरदन तालुक्यातील धावड्याच्या शिवारात पऱ्हाटीचे, मक्याच्या धसकटांचे आणि बांधावरच्या काट्याकुट्याचे ढीग पेटू लागतात. हा जाळ पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. ‘आपल्या रानात आपण काय जाळावे, हे सांगणारे सरकार कोण?’ हा प्रश्नही बराच जुना आहे. आजचा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

प्रथम भूगोल. धावडा अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत, जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. पलीकडे बुलढाणा जिल्हा लागतो. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या प्रशासनाखाली गेले आणि धावड्याची बाजू निजामाकडेच राहिली. परिणामी एकाच डोंगरावरचा वणवा हद्द ओलांडून गेला, की त्याचा कायदाही बदलत असे. पलीकडे १८६०ची भारतीय दंडसंहिता होती, तर अलीकडे हैदराबाद राज्याची स्वतंत्र दंडसंहिता. भारतीय दंडसंहिता या भागात पोहोचली ती १९५१ मध्ये. (याच परिसरातील ‘जाळीचा देव’ या महानुभाव तीर्थाच्या नावातली जाळी झुडपांची आहे. तिचा जाळण्याशी संबंध नाही. हा प्रश्न दरवेळी येतो, म्हणून आधीच सांगितले.)

आता बरेच मागे जाऊ. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या दानलेखांत या गावच्या दात्यांचे उल्लेख आहेत. त्या प्राचीन जगात आगीविषयी राज्यसंस्था काय विचार करत होती, हे कौटिलीय अर्थशास्त्रात दिसते. ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत एकमत नाही, पण त्यातील अग्निनियम फार नेमके आहेत. उन्हाळ्यात दिवसाच्या चार भागांपैकी मधल्या दोन भागांत, म्हणजे ऐन उन्हाच्या वेळी, नगरात विस्तव पेटवायचा नाही, पेटवल्यास दंड. प्रत्येक घरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा आणि कातडी पखाल तयार हवी, नसल्यास दंड. लोहारासारख्या आगीवर काम करणाऱ्यांची वस्ती एका ठिकाणी. खेड्यांनी उन्हाळ्यात स्वयंपाक घराबाहेर करावा. आग लागली असता धावून न जाणाऱ्या घरमालकाला बारा पण दंड आणि भाडेकऱ्याला सहा पण. निष्काळजीपणाने आग लागल्यास चोपन्न पण, आणि मुद्दाम लावणाऱ्याला मात्र आगीतच मृत्युदंड.

शेवटची शिक्षा क्रूर आहे, यात वाद नाही. पण बाकीच्या नियमांचा रोख पाहा. आग वाईट, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. वेळ कोणती, पाणी जवळ आहे का आणि शेजारी धावून येतो का, एवढीच विचारणा आहे. गावातील कोणताही जाणता शेतकरी ढीग पेटवण्यापूर्वी हेच पाहतो. वारा पडू देतो, ढिगाभोवती नांगराचे तास काढून घेतो, शेजाऱ्याच्या गंजीपासून अंतर राखतो.

एकोणिसाव्या शतकात हा रोख बदलला. १८६४च्या सुमारास मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात पीअर्सन या अधिकाऱ्याने वणव्यापासून वन राखण्याचा प्रयोग यशस्वी करून दाखवला आणि ‘अग्निसंरक्षण’ हे वनखात्याचे जवळजवळ ब्रीद बनले. १८७८च्या वन कायद्याने राखीव वनांची चौकट पक्की केली. १९२७च्या कायद्याने तीच पुढे चालवली. त्याचे कलम २६ आजही वाचण्याजोगे आहे. राखीव वनाला आग लावणे हा गुन्हा आहेच. शिवाय वनाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे किंवा पेटती सोडणेही गुन्हा आहे. मात्र त्याच कलमाची तिसरी तरतूद अधिक बोचरी आहे. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर त्या वनातील चराईचे व वनोपजाचे सगळे हक्क सरकार वाटेल तितका काळ स्थगित करू शकते. एकाने काडी ओढावी आणि साऱ्या गावाच्या गुरांनी उपाशी राहावे, असा हा सामुदायिक दंड आहे. कलम ७९ म्हणते की, वनात हक्क बजावणाऱ्यांनी वणव्याची वर्दी दिली पाहिजे आणि तो विझवायला मदतही केली पाहिजे. कौटिल्याचे ‘धावून जा’ येथे टिकले, पण हक्क हिरावण्याच्या धाकासह.

याचा खरा संघर्ष मराठवाड्यात नव्हे, कोकणात पेटला. ठाणे-कुलाब्यात भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात, तिला राब म्हणतात. शेण, झाडांचा कवळ, गवत आणि पालापाचोळा यांचे थर पसरून वर माती टाकायची आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवायचे, म्हणजे जाळ धावत नाही, धुमसत राहतो. वनखात्याला त्यात झाडांची कत्तल दिसली. शेतकऱ्याला कवळ मिळेना. १८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात वनखात्यावरील संताप आहेच. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. पुढे १९१२ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी राबावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेत नाही, उष्णतेने मातीतच बदल होतो, असे त्यांनी दाखवले. ज्याला अडाणीपणा म्हणून हिणवले गेले, त्यामागे कारण होते.

अर्थात प्रत्येक जाळ राब नव्हे. भाताच्या रोपवाटिकेचा तर्क पऱ्हाटीच्या ढिगाला लावता येत नाही. पऱ्हाटी जाळली की जमिनीला परत मिळू शकणारा सेंद्रिय अंश धुरात जातो. आणि डोंगरालगतच्या शिवारात दुपारच्या वाऱ्यावर उडालेली एक ठिणगी पुरते.

वनखाते स्वतःही जाळतेच, हे विसरू नये. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतात आणि तो सुरू होण्यापूर्वी गवत जाळून ‘जाळरेषा’ काढतात, म्हणजे येणारी आग तेथे थांबते.

दूरचित्रवाणीवर पाचट-पेंढ्याच्या दंडाचे आकडे ऐकून अनेक जण घाबरतात. २०१५चे ते दर राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली आणि भोवतालच्या राज्यांसाठी ठरवले होते. कचऱ्याचे मात्र तसे नाही. २२ डिसेंबर २०१६ रोजी लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी केली; साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई. म्हणून शेतातल्या ढिगात ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंगचा कागद टाकून पेटवणे हे निराळे प्रकरण आहे.

राहिला शेजाऱ्याच्या गंजीचा प्रश्न. निष्काळजीपणाने आग हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर जुन्या संहितेचे कलम २८५ होते : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. जाणूनबुजून आगीने नुकसान केल्यास कलम ४३५, सात वर्षांपर्यंत कैद. या दुसऱ्या कलमात एक लक्षवेधी तपशील होता. इतर मालमत्तेचे नुकसान १०० रुपयांचे असावे लागे, पण शेतमालाचे १० रुपयांचे असले तरी पुरे. १८८२ मध्ये दुरुस्ती करून हा तपशील कलमात घालणाऱ्यांना कडब्याची गंजी जळणे म्हणजे काय, हे कळले होते, असे मला वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाचे कलम २८७ झाले आणि दंडाची मर्यादा २,००० वर गेली. जाळून नुकसान करण्याची तरतूद कलम ३२६ मध्ये आली. त्यातून दहा रुपयांची अट गेली आहे; शेतमालाचा उल्लेख मात्र तसाच आहे.